नव्यासारखे उतरवलेले पत्रे

बांधकाम खात्यातून रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? सकाळी फिरायला जातात, बँकेत पासबुक भरून आणतात, पोराकडे पुण्याला जातात आणि महिन्याभरात सुनेशी वाजलं की परत येतात. यज्ञेश्वर पांढरीपांड्यांनी यातलं एकही केलं नाही. त्यांनी यवतमाळच्या आपल्या घरामागे बांबू, सायकलच्या ट्यूबा, डिंकाची पोती आणि गंजके बोल्ट जमा केले आणि कुंदाताईंच्या, म्हणजे बायकोच्या, डोक्याला ताप करून ठेवला. "लोकांचे नवरे रिटायर झाले की देवळात जाऊन बसतात. आमच्यांनी भंगाराचं दुकान काढलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

ध्यास एकच, सिमेंटचे पत्रे. तेच ते, करडे, नागमोडी. शाळेवर, दवाखान्यावर, जिनिंगच्या गोदामावर, गोठ्यावर, जिकडे पाहाल तिकडे. लोक सिमेंटचा पत्रा म्हणतात, पण त्यात सिमेंटसोबत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत फारसं काही करत नाही. तो कापला, फोडला, त्याला भोक पाडलं की ते तंतू हवेत उडतात. डोळ्याला दिसत नाहीत, नाकाला वास येत नाही, आणि छातीत एकदा गेले की मुक्कामालाच राहतात. खात्यात पत्रे बसवणारा डोंगरसिंग जन्मभर करवतीनं पत्रे कापत आला आणि साठीच्या आत दम लागून गेला. शेवटी शेवटी यज्ञेश्वर त्याला भेटायला गेले तेव्हा तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होता, आडवं झालं की श्वास कोंडायचा. क्षयाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, गंडेदोरे बांधून झाले होते. पत्र्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. तिथून यज्ञेश्वर घरी आले ते पेटूनच. मिळेल ते वाचलं, आणि जितकं वाचत गेले तितके चिडत गेले.

आता चिडून पत्रे उतरतात का? नाही ना उतरत. यज्ञेश्वरांनी जिल्ह्यातल्या साहेबांना गाठलं, शाळांच्या हेडमास्तरांना गाठलं. सगळे मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि "बघू" म्हणायचे. या 'बघू'नं त्यांच्या घरात रक्तदाब मोजायचं यंत्र आलं.

अशात मारेगावच्या पुढच्या सावरबर्डीहून विठ्ठलरावांचा फोन आला.

विठ्ठलराव म्हणजे जुना जिव्हाळा. नोकरीत असताना यज्ञेश्वरांची मारेगावला बदली झाली होती, तेव्हा तीन वर्षं ते विठ्ठलरावांच्या घरी बिऱ्हाडकरू म्हणून राहिले. विठ्ठलरावांची सुरभी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याला धरून चालायला शिकली, आणि 'काका' म्हणायला शिकली ती त्यांनाच. दोन वर्षांमागं तिचं लग्न झालं, बाभुळगावच्या भगवानरावांच्या नयनशी. आता तिला दिवस गेले होते, आणि आपल्याकडची रीत ठरलेली, पहिलं बाळंतपण माहेरी.

"साहेब," विठ्ठलराव फोनवर म्हणाले, "पोरीले बाळंतपणाले आनाची हाय. मांगची खोली तेवढी मोठी हाय, पन माकडायनं पार वाट लावली. पत्र्यावर उड्या मारून मारून भेगा पाडल्या. वरून भुसा पडून राह्यला अंगावर. काई करता येईन का जी?"

वरून भुसा पडून राह्यला! यज्ञेश्वरांनी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. ज्या खोलीत सुरभी बाळंत होणार, तिथं वरून ॲस्बेस्टॉस गळतंय आणि ही माणसं त्याला भुसा म्हणताहेत. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ते सावरबर्डीला पोहोचले, आणि खोलीचं दार उघडून पाहतात तर आत कापूस. भुईपासून छातीएवढा. दोन हजार पाच सालचा तो हंगाम, ज्या साली कापसाला भावच आला नाही. गावोगावी लोकांनी वेचलेला कापूस घरात भरून ठेवला होता, आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून. माणसं ओसरीत झोपत होती आणि कापूस घरात झोपत होता.

"हा आधी बाहेर काढा," यज्ञेश्वर म्हणाले.

"कुठं काढू जी? दुसरी जागा नाई."

"मग पत्रे कसे उतरवायचे? जुने पत्रे उतरवायचे तर पाण्यानं चिंब भिजवून उतरवायचे असतात, म्हणजे धूळ उडत नाही. जगभर हीच पद्धत आहे."

विठ्ठलरावांच्या बायको, वच्छलाबाई, चहा घेऊन येत होत्या त्या तिथंच थबकल्या. "पानी? कापसावर पानी? अवं माय!" त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी घरात आग लावायची गोष्ट काढली. आणि त्यांचं तरी काय चुकलं? ओला कापूस व्यापारी हातात घेऊनच फेकतो. वर म्हणतो, वजन वाढवायला पाणी मारलंय. एकदा असा बट्टा लागला की पुढच्या साली तुमची बैलबंडी पाहूनच तो तोंड फिरवतो. जगातल्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, की पत्र्याखाली कापूस भरलेला असेल तर काय करायचं.

यज्ञेश्वर चरफडत यवतमाळला परतले, आणि मग महिनाभर त्या शेडमध्ये जे काही चाललं, ते कुंदाताईंनी नाकाला पदर लावून सोसलं. धावड्याचा डिंक कोमट पाण्यात विरघळवून त्यांनी घट्ट रस केला. तो ब्रशनं जुन्या पत्र्याला फासला, त्यावर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले, वाळू दिले. डिंक भेगेत उतरला आणि धूळ जागच्या जागी धरून बसला. ना पाणी टपकलं, ना भुकटी उडाली. मग बोल्टांचा प्रश्न. मिस्त्री लोक गंजलेल्या बोल्टावर हातोडा मारतात, तिथंच पत्रा तडकतो. यज्ञेश्वरांनी लांब दांड्याची एक कातर बनवली, तिच्या तोंडाला ओल्या चिंधीची टोपी घातली. शेवटी बांबूची एक चौकट. सायकलच्या ट्यूबांचे पट्टे लावलेली, लाकडी बल्ल्यांवर उभी राहणारी आणि कप्पीच्या दोरानं अलगद खाली येणारी. ती आतून पत्र्याला टेकवायची, बोल्ट कापायचे, की पत्रा तिच्यावर निजतो आणि हळूच खाली येतो. तिला त्यांनी इंग्रजी अक्षरांचं भलंमोठं नाव दिलं होतं. सावरबर्डीत ते पहिल्याच दिवशी गळून पडलं. लोक तिला पालखी म्हणू लागले.

पौष लागला तसा पत्रे उतरवायचा दिवस ठरला. कापसावर आधी प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरली. वरून आणि खालून डिंक-कागद लावायलाच दोन दिवस गेले. मग पालखी लागली. अंगणात अख्खं गाव. चौघं चार कोपऱ्यांना, आणि यज्ञेश्वर मधे तोंडाला फडकं बांधून ओरडताहेत, "हळू! अरे हळू रे! जपून! टाकू नका, ठेवा! एकाला जरी ओरखडा गेला ना, तर याद राखा!"

शेजारच्या नंदाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमाले या घरी नवरी म्हनून उतरवलं, तई बी कोनी येवढं जपलं नाई बाप्पा."

सगळे हसले. यज्ञेश्वरही हसले, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण हा माणूस सहसा हसत नसे. एकेक पत्रा खाली येत होता, न फुटता, न तडकता. भेगा पडलेलेसुद्धा डिंकानं बांधून एकसंध उतरले. शेवटचा पत्रा टेकला तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यावर हात फिरवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहा! नव्यासारखा उतरला की नाही? नव्यासारखा!"

मग ते पत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले, सुतळीनं बांधले आणि परसात रचले. खोलीवर टिनाचे पत्रे चढले, त्याखाली बांबूचे तट्टे, मधे भुशाचा थर, म्हणजे उन्हाळ्यात तापायला नको. ती रचनाही यज्ञेश्वरांचीच. राहिला होता खड्डा. जुने पत्रे शेताच्या कोपऱ्यात खोल पुरायचे होते, पण काळ्या मातीखाली खडक लागला. रस्त्याच्या ठेकेदाराचं जेसीबी पुढच्या आठवड्यात मिळेल असं ठरलं. यज्ञेश्वर घरी गेले आणि कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले.

पुढचा आठवडा ठेकेदाराच्या हिशेबानं तीन आठवड्यांनी उजाडला. यज्ञेश्वर जेसीबीवाल्याला सोबत घेऊन, धूळ खात सावरबर्डीत पोहोचले. परसात गेले. तिथं एक कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. पत्रे नव्हते.

"विठ्ठलराव, पत्रे कुठे आहेत?"

"ते गेले न जी, बाभुळगावले." विठ्ठलरावांचा चेहरा कसा समाधानी. "सुरभीले सोडाले व्याही आलते. त्यायनं पायलं, म्हने हे काय हाय एवढं बांधून? त्यायच्या नव्या खोलीच्या भिती झाल्या हायेत, वर छप्पर नाई. मंग आता व्याह्यानं एखाद्या वस्तूकडं पायलं, तं आपुन गप कसं बसाव? म्हनलं घेऊन जा. टॅक्टर भरून धाडून देल्ले."

 यज्ञेश्वरांच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ते पुरायचे होते! विष आहे ते विष! मी तुम्हाला बसवून सांगितलं होतं, तंतू म्हणजे काय, छातीत काय होतं, सगळं!"

"सांगतलं तं होतं," विठ्ठलराव कान खाजवत म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "पन साहेब, एक सांगू का? राग नका येऊ देऊ. फेकाची वस्तू कोनी कागद लावून, पालखीत घालून, पलास्टिकमंदी बांधून ठेवते का? तुमी तं घडीघडी म्हनत होते, जपा, जपा. नव्यासारखे उतरले म्हने. मले वाटलं, माल किमती हाय."

वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "सगळ्या गावालेच वाटलं जी तसं. तिघं जन मांगून गेलते. आमी म्हनलं, पोरीच्या घरचाच हक्क पयला."

यज्ञेश्वर ओसरीच्या कडेला बसले. महिनाभर डिंक कालवला, तो यासाठी? हातोड्यानं फोडून खाली पाडले असते तर निदान कोणी नेले तरी नसते. पण फोडले असते तर सगळी भुकटी या घरात. धड उतरवावे तर लोक दुसरीकडे चढवणार, फोडावे तर इथंच मरण. डोकं बडवून घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांना स्वतःचीच चीड आली, त्या 'नव्यासारखा'ची तर फारच.

आतून सुरभी आली. आठवा सरून नववा लागलेला, चेहरा भरलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. "काका, पानी घ्या पयले," ती म्हणाली, आणि मग हळूच, "ते पत्रे चढवले का त्यायनं?"

कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी यज्ञेश्वर विठ्ठलरावांना घेऊन बाभुळगावला गेले. भगवानरावांनी मोठ्या प्रेमानं दोघांचं स्वागत केलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि आधी नवी खोलीच दाखवायला नेली. छप्पर चढलेलं होतं. पत्रे लांबीला जास्त झाले म्हणून करवतीनं कापले होते. नवी भोकं पाडली होती. यज्ञेश्वरांचे डिंक-कागद खराट्यानं घासून, धुऊन काढले होते, कारण ते वाईट दिसत होते. भिंतीच्या कडेला पांढरट भुकटी अजून तशीच होती. आणि खोलीत, दुसरं काय असणार, कापूस.

"आता उन्हायात पाहा, कशी थंड राह्यते ते," भगवानराव म्हणाले. "टिन लय तापते. सिमेंटचा पत्रा तो सिमेंटचा पत्रा. इवायानं मनापासून देल्ला," म्हणत त्यांनी व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली.

यज्ञेश्वरांनी खूप आवरलं स्वतःला. शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की हे पत्रे उतरवावे लागतील. ते स्वतः येऊन उतरवतील, त्या जागी दुसरं छप्पर स्वतः घालून देतील. पण आता पत्रे कापलेले, कडा उघड्या पडलेल्या. डिंकानं भागायचं नाही, पाणीच मारावं लागेल, म्हणजे आधी कापूस हलवावा लागेल.

"कुठं हलवू?"

"विकून टाका."

"भाव तुमी देता का?" भगवानराव हसत म्हणाले, पण हसू आता ओठांवरच राहिलं होतं. मग ते विठ्ठलरावांकडे वळले. "काय हो इवाई, देल्लेली वस्तू वापस मांगाले आले का तुमी? तसं हाय तं तसं सांगा."

"नाई, नाई! राम राम राम!" विठ्ठलरावांनी कानाला हात लावले. "मी कायले मांगू? हे साहेबच म्हनून राह्यले."

भगवानरावांच्या बायको, इंदूबाई, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "साहेब, ही खोली आमी सुनेसाठीच काढली. लेकरू घेऊन येईन, तं तिले वायली जागा नको का? कापसावर गोधडी टाकली का लेकराले गादीची बी गरज नाई. आमचा नयन बी कापसावरच वाढला."

झालं. त्या भुकटी पडलेल्या कापसावर निजलेलं तान्हं मूल यज्ञेश्वरांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांचा तोल गेला. "मारायचंय का त्या लेकराला?" ते ओरडले. "सांगून टाका ना तसं! याच खोलीत मारायचं आहे का तुम्हाला ते पोर?"

 अजून न जन्मलेल्या जीवाबद्दल, भरल्या घरात, असं बोललेलं. इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि देवाचं नाव घेत त्या आत निघून गेल्या. भगवानराव पडलेल्या आवाजात म्हणाले, "चहा नको पाजू म्हना यायले." आणि विठ्ठलराव, मुलीचा बाप, हात जोडून व्याह्यासमोर उभे राहिले. साहेबांच्या वतीनं त्यांनी माफी मागितली, एकदा नाही, तीनदा.

परतीच्या एस.टी.त यज्ञेश्वर खिडकीबाहेर पाहत स्वतःशी धुमसत होते. पुढच्या वेळी उतरवलेल्या पत्र्यांवर लाल रंग मारायचा, असं त्यांच्या मनात आलं. कवटी आणि हाडं काढायची, फवारणीच्या औषधाच्या डब्यावर असतात तशी. आणि लगेच त्यांना आठवलं, विठ्ठलरावांच्या न्हाणीत आंघोळीचं पाणी ज्या निळ्या ड्रममध्ये साठवतात, त्यावर तीच कवटी आहे. घासून घासून फिकट झालेली, पण आहे. कप्पाळ! कवटीलाही कोणी भीक घालत नसेल, तर रंग मारून उपयोग काय?

माघात सुरभीला मुलगी झाली. त्या मागच्या खोलीत, टिनाच्या आणि तट्ट्याच्या छपराखाली; तिथला कापूस विठ्ठलरावांनी बाळंतपणाच्या खर्चासाठी पडेल भावात काढून टाकला होता. यज्ञेश्वर आणि कुंदाताई झबलं-टोपडं घेऊन जाऊन आले. मूल छान होतं, मुठी घट्ट मिटून झोपलेलं. यज्ञेश्वरांनी वर छपराकडे पाहिलं, खाली मुलीकडे पाहिलं आणि डोळे पुसले. कुंदाताई म्हणाल्या, "आता इथं तरी चिडू नका."

पण दिवस पुढे सरकत होते. यज्ञेश्वरांनी बाभुळगावला दोनदा निरोप धाडले, एकदा स्वतः जाऊन दारातून परतले. भाव वाढत नव्हता, म्हणून कापूस हलत नव्हता, म्हणून पत्रे हलत नव्हते. त्यात यज्ञेश्वरांचे ते शब्द बाभुळगावात घरोघरी पोहोचले होते. पत्रे आता पत्रे राहिले नव्हते, भगवानरावांची इज्जत झाले होते. नयन फोनवर सुरभीला म्हणाला, "बाबूजींले म्या काई म्हनलं, तं ते जेवनच सोडतीन."

सव्वा महिना झाला. नयन जीप घेऊन बायको-लेकीला न्यायला आला. यज्ञेश्वरांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते सकाळीच येऊन ओसरीत बसले होते. जेवणं झाली, सुरभीची ओटी भरली गेली. मग ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "मी येत नाई. पयले तो कापूस काढा आन् ते पत्रे उतरवा. मंग येतो."

वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. नयन चुळबुळत म्हणाला, "अव, लोकं काय म्हनतीन? घरी सगळे पाहुने येऊन राह्यले लेकराले पाहाले."

विठ्ठलराव सरळ यज्ञेश्वरांकडे आले. इतक्या वर्षांत ते कधी या आवाजात बोलले नव्हते. "साहेब, तुमचंच आयकते ते. तुमीच सांगा तिले जायले. माह्या पोरीचं घर मोडाले आलं जी. त्या खोलीत राह्यलं, तं लेकरू बिमार पडनच, असं हाय का? एक काय ते सांगा."

आता इथं यज्ञेश्वरांनी हो म्हणायचं होतं. साधं हो. पण सगळा जन्म खात्यात मोजमापं करण्यात काढलेल्या माणसाला तसं जमेना. खरं तेच बोलायचं होतं. त्यांनी घसा साफ केला. "पडेलच असं नाही सांगता येत," ते म्हणाले. "कोणाला होतं, कोणाला होत नाही. झालंच तर लगेच दिसत नाही, वीस-तीस वर्षांनी दिसतं. किती धूळ छातीत गेली यावर आहे. पण धोका..."

"म्हंजे काई होनार नाई!" नयननं सुटकेचा श्वास टाकला.

"असं मी म्हटलेलं नाही!"

पण ते ऐकायला कोणाला वेळ होता? 'वीस-तीस वर्षं' ऐकूनच ओसरीतली हवा सैल झाली होती. तीस वर्षांनंतरची गोष्ट! इथं येत्या हंगामाचा पत्ता नाही. विठ्ठलरावांनी देवाला हात जोडले. वच्छलाबाई डबे बांधायला धावल्या. नंदाबाई म्हणाल्या, "जाय बाई, जाय. एवढे शिकलेले साहेब सोता म्हनून राह्यले." यज्ञेश्वर "अहो, ऐका, ऐका" करत राहिले, एकाचा हात धर, दुसऱ्याच्या मागे जा, आणि बॅगा जीपमध्ये चढत राहिल्या. सुरभी त्यांच्याकडे पाहत होती.  आत जाऊन तिनं मुलीला दुपट्यात गुंडाळलं.

ती जीपमध्ये बसली. नयननं चावी फिरवली. यज्ञेश्वर तिच्या बाजूच्या दाराशी येऊन उभे राहिले होते, घामाघूम, हरलेले. 

"काका," सुरभी म्हणाली, "हे तुमच्या घरचं लेकरू असतं, तं तुमी झोपू देल्लं असतं का तिले तिथं?"

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. "नाही," ते म्हणाले. "एक रात्रसुद्धा नाही."

सुरभीनं दार उघडलं आणि ती खाली उतरली. मूल छातीशी धरून, कोणाकडे न पाहता, अंगण ओलांडून ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. नयननं जीप बंद केली. वच्छलाबाई हातातला लाडवाचा डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

विठ्ठलराव यज्ञेश्वरांजवळ आले. ओरडले नाहीत, काही नाही. फक्त म्हणाले, "साहेब, तुमी आता इथं येत नका जाऊ."

यज्ञेश्वरांनी मान हलवली. चपला घातल्या आणि ते मारेगावच्या रस्त्याला लागले. शेवटची एस.टी. निघून गेली होती, म्हणून ते चालतच निघाले.